झॉम्बींचा खेळ तिसऱ्या सेशनला बसतो तेव्हा: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

"या वेळी आपण सगळे झॉम्बी होऊ." डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रं वठवायच्या खेळात हे वाक्य आलं की पहिल्या रात्री धमाल येते. दुसऱ्या सेशनलाही येते. तिसऱ्याला कुणीतरी मधेमधे फोन बघायला लागतो, चौथ्याला दोघांचा "ऑफिसमध्ये अडकलोय" असा मेसेज येतो आणि पाचवं सेशन होतच नाही. मी डीएम, म्हणजे गोष्ट पुढे नेणारा आणि नियम सांभाळणारा, म्हणून असा खेळ चालवला तेव्हा हे झालं. नंतर मित्रांच्या टेबलांवर तोच खेळ सावरायला गेलो, तिथेही हेच. दर वेळी तक्रार वेगळी होती, बिघाड मात्र जवळजवळ एकच निघाला. म्हणून तपासण्यांचा क्रम लिहून ठेवतोय.

शब्दाबद्दल आधी एक गोष्ट. आपल्याकडे 'झोंबी' म्हणजे झटापट, अंगाशी भिडणं. लढाईच्या वर्णनात तो शब्द लागतोच, म्हणून चालत्या प्रेताला मी इथे 'झॉम्बी' म्हणतो. आकडे सगळे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतले, २०१४ च्या नियमांचे आहेत, कारण मी पाहिलेली बहुतेक टेबलं त्यावरच चालतात. झॉम्बीची माहिती फुकट मिळणाऱ्या एसआरडी ५.१ या नियमसंग्रहात आहे आणि तो दस्तऐवज जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. म्हणजे पुढचं बरंचसं तपासायला पुस्तक विकत घ्यावं लागणार नाही.

लक्षणं

खालच्यापैकी दोन तरी दिसत असतील तर पुढे वाचा.

- खेळाडू बोलायचे थांबलेत. नुसतं "गर्रर्र" करतात आणि हसतात. पुढे हसणंही थांबतं.
- "तू काय करतोस?" विचारलं की "जो जवळ आहे त्याला मारतो" हे एकच उत्तर येतं.
- लढाई लांबते. मेलेला झॉम्बी पुन्हा उठतो, परत उठतो, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही.
- याच्या उलटही होतं: एक क्लेरिक (देवाच्या शक्तीने जादू करणारा पुजारी) समोर आला आणि अर्धी पार्टी, म्हणजे खेळाडूंची टोळी, दहा राउंड (लढाईतल्या फेऱ्या) नुसती पळत राहिली.
- एकच खेळाडू सगळं ठरवतो, बाकीचे त्याचे फासे टाकतात.
- माणसं पळून जातात आणि झॉम्बी त्यांना कधीच गाठत नाहीत.
- डीएमला पुढच्या सेशनची तयारी सुचत नाही. गाव खाल्लं, आता पुढे काय?

या सगळ्याच्या मुळाशी एक अडचण आहे. झॉम्बी म्हणजे इच्छा काढून घेतलेलं शरीर, आणि या प्रकारच्या खेळात खेळाडूला मुख्य काम एकच असतं: ठरवणं. पात्र दुबळं असलं तरी चालतं, गरीब असलं, शापित असलं तरी चालतं. त्याच्याकडे ठरवण्यासारखं काही उरलं नाही की खेळाडूला टेबलावर बसायचं कारण उरत नाही. म्हणून खालच्या प्रत्येक तपासणीत मी एवढंच शोधतो, की निर्णय खेळाडूच्या हातून नेमका कुठे निसटला.

पहिली तपासणी: पंधरा मिनिटं मोजा

खर्च शून्य. पुढच्या सेशनला कागदावर सगळ्यांची नावं लिहा. दोन खऱ्या पर्यायांमधून कुणी एक निवडला आणि त्याचा परिणाम झाला, की त्या नावापुढे एक खूण. फासा टाकणं मोजायचं नाही. दुसरं काही शक्यच नसताना केलेला हल्लाही मोजायचा नाही. पंधरा मिनिटांत एखाद्या नावापुढे एकही खूण नसेल तर गळती तिथे आहे.

हे आधी करायचं कारण असं, की खेळाडू सांगतो ते लक्षण असतं. "लढाई कंटाळवाणी होते रे" असं एकाने मला सांगितलं होतं. मोजलं तर लढाईत त्याच्या नावापुढे तीन खुणा होत्या आणि लढाई सोडून उरलेल्या सगळ्या वेळात एकही नव्हती. मी लढाईचे नियम बदलत बसलो असतो तर महिना वाया गेला असता.

दुसरी तपासणी: सगळ्यांच्या डोक्यात एकच झॉम्बी आहे का

खर्च पाच मिनिटं. प्रत्येकाला एक वाक्य पूर्ण करायला सांगा: "माझा झॉम्बी उठला तेव्हा त्याला..." उत्तरं बहुधा तीन गटांत पडतात.

पहिला गट खाणाऱ्या टोळीचा. मांस खाणारी, चावून पसरणारी ही झुंड अमेरिकन सिनेमातून आली, १९६८ नंतर. मेंदूच हवा हा हट्ट त्याहून उशिराचा, १९८५ चा. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या मूळ झॉम्बीला यातलं काहीच नाही. तो चावतही नाही, हाताने ठोसा मारतो आणि त्याने मारलेला माणूस झॉम्बी होऊन उठत नाही.

दुसरा गट राबवल्या जाणाऱ्या देहाचा. ही कल्पना सगळ्यांत जुनी आणि हैतीची आहे. फ्रेंचांच्या ताब्यातल्या त्या वसाहतीत उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेली गुलाम माणसं मरेपर्यंत राबत. १७९१ मध्ये तिथे उठाव झाला आणि १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला. तिथल्या लोकसमजुतीत बोकोर, म्हणजे काळी विद्या करणारा, मेलेल्याला उठवतो आणि शेतात कामाला लावतो. म्हणजे भीती झॉम्बी आपल्याला खाईल ही नव्हती. आपण झॉम्बी होऊ, मरूनही सुटका होणार नाही, ही होती. झॉम्बी म्हणून खेळायचं असेल तर हीच बाजू मला सगळ्यांत कसदार वाटते. पुढे हुकमाच्या तपासणीत तिच्याकडे परत येतो.

तिसरा गट अर्धवट आठवणी घेऊन उठलेल्यांचा. मी कोण होतो, कुणी उठवलं, घरी कोण वाट बघतंय.

टेबलावर एक जण पहिल्या गटात आणि एक तिसऱ्या गटात असेल तर एकाला गाव खायचं असतं आणि दुसऱ्याला त्याच गावात बायकोला शोधायचं असतं. दोघांचंही बरोबर आहे, पण एकत्र खेळ होत नाही. इथे नियम कामाचे नाहीत. गट एकच निवडा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा.

तिसरी तपासणी: गुरगुरणं

नियमात झॉम्बीपुढे लिहिलंय, की जिवंतपणी येणाऱ्या भाषा त्याला समजतात पण बोलता येत नाहीत. खेळाडू याचा अर्थ "मी टेबलावर बोलायचं नाही" असा घेतात. चार तास गुरगुरत काढणं कुणालाच जमत नाही.

उपाय सोपा. पात्र मुकं आहे, खेळाडू मुका नाही. खेळाडूंनी आपसात मोकळेपणाने बेत करावा. झॉम्बी एकमेकांना कसे समजतात याची चिंता सोडून द्या. जिवंत माणसांशी बोलताना मात्र नियम कडक ठेवा, कारण गंमत तिथेच आहे. माझा घरचा नियम असा: प्रत्येक झॉम्बीला जिवंतपणीचे तीन शब्द उच्चारता येतात आणि ते खेळाडूने आधीच शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) लिहायचे. एकाने 'पाणी', 'थांब' आणि स्वतःच्या घोड्याचं नाव लिहिलं होतं. पहारेकऱ्यासमोर उभं राहून त्या तीन शब्दांत काम काढायचं होतं. अर्धा तास कुणी फोनला हात लावला नाही.

कुणी हमखास विचारतो, "मग आपला वेताळ कसा बोलतो?" वेताळ प्रेतात शिरतो. बोलणारा तो असतो, प्रेत नव्हे. गोष्ट सांगून कोडं घालणारा आणि उत्तर मिळताच झाडावर परत जाणारा वेताळ हवा असेल तर तो स्वतंत्र खेळ लावा. उत्तम होतो. झॉम्बीच्या शीटवर तो बसवू नका.

चौथी तपासणी: शीट कोणती वापरताय

इथे खर्च वाढायला लागतो, एखादी संध्याकाळ जाते.

बरेच डीएम राक्षसांच्या यादीतला झॉम्बी उचलून खेळाडूच्या हातात देतात. एसी (घाव चुकवण्याचा आकडा) ८, हिट पॉइंट (किती घाव सोसेल) २२, चाल २० फूट, डेक्स्टेरिटी (चपळाई) ६, बुद्धी ३, चॅलेंज (शत्रू किती अवघड ते) १/४. हे आकडे दोन-तीन राउंड उभं राहून पडणाऱ्या शत्रूसाठी बेतलेले आहेत. त्यात पुढे वाढ नाही, कौशल्यं नाहीत, आणि "माझी बुद्धी ३ आहे, मला कळणारच नाही" असं म्हणून मागे बसायला खेळाडूला कारण मिळतं.

एका रात्रीचा, चार तासांचा खेळ असेल तर हीच शीट ठेवा, मजा येते. त्याहून लांब चालवायचं असेल तर रीबॉर्न, म्हणजे मरून पुन्हा उठलेल्या खेळाडू-पात्राचा प्रकार, घ्या. २०२१ च्या, रेव्हनलॉफ्ट या भयकथांच्या जगावरच्या पुस्तकात तो आहे. खाणं, पिणं, श्वास, झोप काहीच लागत नाही. विषाविरुद्ध बळ मिळतं, डेथ सेव्हला (मरता मरता वाचायच्या फाशाला) अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून चांगला धरायचा) मिळतो आणि मागच्या जन्मातलं काही आठवलं म्हणून कौशल्याच्या फाशात सहा बाजूंचा एक फासा मिळवता येतो. वर फायटर (लढवय्या), रोग (Rogue, म्हणजे चलाख चोर), काय हवं तो पेशा शिकता येतो. त्यावर झॉम्बीपणाच्या दोन खोडी खेळाडूला स्वतः निवडू द्या: चाल कमी, बोलणं बंद, दिवसा अंधुक दिसणं, काहीही. निवडलेली खोडी माणूस आवडीने सांभाळतो, लादलेली विसरतो.

पाथफाइंडर या अशाच वेगळ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीवर असाल तर २०२२ च्या 'बुक ऑफ द डेड' मध्ये खेळाडूंसाठी झॉम्बीचा आर्किटाइप (पात्रावर चढवायचा तयार साचा) आहे. तिथला शत्रू झॉम्बी कायमचा स्लोड (मंदावलेला) असतो, दर वळणाला तीनपैकी एक अ‍ॅक्शन गमावतो आणि रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या वळणात करायची कृती) वापरू शकत नाही. ती अट जशीच्या तशी खेळाडूवर लावू नका. वळणाचा एक तृतीयांश गेला म्हणजे तेवढेच निर्णय गेले.

चालीचा प्रश्नही इथेच सोडवा. झॉम्बी २० फूट, माणूस ३०. दोघे धावले तर ४० आणि ६०, म्हणजे सहा सेकंदांच्या प्रत्येक राउंडला अंतर २० फुटांनी वाढतं. उघड्या मैदानात पाठलाग लावला तर तुम्ही खेळाडूंना हरण्यासाठीच खेळवताय. त्यांची ताकद दुसरीकडे आहे. झॉम्बीला हवा लागत नाही. खंदकावरचा पूल वर उचललाय? ते तळातून चालत जातील. झोप लागत नाही, म्हणून फोर्स्ड मार्चचा (आठ तासांपुढे चालल्यावर थकण्याचा) नियम त्यांना लावू नका. ताशी २ मैलांनी चोवीस तासांत ४८ मैल होतात. आठ तास चालून थांबणारा माणूस २४ वर असतो. पळून गेलेला सरदार तिसऱ्या दिवशी निवांत जेवायला बसलाय आणि दारात हे उभे. "कुठून जायचं आणि कुठे आधी पोचायचं" हा खरा निर्णय आहे. तो मिळाला की चालीबद्दलची कुरकुर बंद होते.

पाचवी तपासणी: अनडेड फॉर्टिट्यूड

ज्या टेबलावर जातो तिथे झॉम्बीच्या चिवटपणाचा हा नियम चुकीचा वाचलेला सापडतो, म्हणून इथे जरा थांबतो.

नियम असा: डॅमेजमुळे (घावाने झालेल्या नुकसानामुळे) झॉम्बीचे हिट पॉइंट ० वर आले तर त्याने कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करायचा, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकून त्यात शरीराच्या काटकपणाचा आकडा मिळवायचा. डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, ५ अधिक झालेलं डॅमेज. सेव्ह जमला तर तो १ हिट पॉइंटवर राहतो. डॅमेज रेडियंट (दैवी प्रकाशाचं) असेल किंवा घाव क्रिटिकल (नेमका वर्मी बसलेला) असेल तर सेव्ह नाही.

पहिली चूक डीसी काढताना होते. झॉम्बीकडे ३ हिट पॉइंट उरलेत आणि १४ चा घाव बसला. काही जण उरलेले ११ धरून डीसी १६ काढतात. बरोबर डीसी १९, कारण पूर्ण घाव धरायचा. कॉन्स्टिट्यूशनचे ३ मिळवून १९ गाठायला फाशावर १६ लागतात, म्हणजे २५ टक्के संधी. चुकीच्या हिशोबात ४० टक्के. एवढ्या फरकाने लढाई लांबते.

दुसरी चूक म्हणजे हाफ-ऑर्क या वंशाच्या पात्रांच्या तसल्याच वाटणाऱ्या गुणाशी घोटाळा. तो लाँग रेस्टपर्यंत (रात्रभराच्या विश्रांतीपर्यंत) एकदाच वापरता येतो. झॉम्बीच्या सेव्हला मर्यादा नाही, दर वेळी नवा.

आता नियम बरोबर वाचला तरी अडचण उरते. गॉब्लिनचा घाव सरासरी ५ चा. डीसी १०, फाशावर ७ लागतात, ७० टक्के वेळा झॉम्बी उठतो. पुढच्या घावाला पुन्हा ७० टक्के. छोट्या शत्रूंसमोर खेळाडू जवळजवळ अमर होतो. मोठ्या शत्रूसमोर उलटं: १८ च्या घावाला फाशावर २० च लागतात आणि १९ पासून पुढे काहीच चालत नाही, कारण सेव्हवर २० पडले म्हणजे आपोआप यश असा नियम २०१४ च्या पुस्तकात नाही. एका बाजूला काही धोका नाही, दुसऱ्या बाजूला काही आशा नाही. दोन्हीकडे खेळाडू फक्त फासा टाकतो.

मी हे असं दुरुस्त करतो. सेव्ह जमला की झॉम्बी उठतो, पण शरीराचा एक भाग गमावतो, आणि कोणता ते खेळाडू ठरवतो. पाय गेला तर चाल १०. हात गेला तर दोन हातांची कामं बंद. डोळा गेला तर लांबचे नेम डिसअ‍ॅडव्हान्टेजने (दोन फाशांतला वाईट धरून). जबडा गेला तर तीन शब्दांतला एक खोडायचा. झोपून हे भरून येत नाही. सुई-दोरा हवा, दुसरं प्रेत हवं आणि शिवून देणारा कुणीतरी हवा. सेव्ह फसला तर संपलं, डेथ सेव्ह नाही. हे पहिल्या सेशनच्या आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, मधेच लावू नका.

हा एक बदल केला आणि त्या टेबलावरचा आवाज बदलला. "उठला का?" याऐवजी "काय सोडतोस?" असं एकमेकांना विचारायला लागले.

सहावी तपासणी: क्लेरिक आणि औषधपाणी

टर्न अनडेड ही मेलेल्यांना पळवून लावायची क्लेरिकची शक्ती: ३० फुटांत त्याला ऐकणाऱ्या-बघणाऱ्या प्रत्येक अनडेडला (मरूनही चालणाऱ्याला) विस्डम (शहाणपण) सेव्ह. खालच्या पातळीचा क्लेरिक असेल तर डीसी साधारण १३ असतो. झॉम्बीच्या सेव्हला फाशात मिळवायला काहीच नसतं, म्हणजे ६० टक्के वेळा फसतो. फसला की मिनिटभर, दहा राउंड, नुसतं लांब पळायचं, किंवा डॅमेज होईपर्यंत. क्लेरिक पाचव्या पातळीचा असेल तर १/२ आणि खालच्या चॅलेंजचे अनडेड जागीच नष्ट होतात, आणि आपला झॉम्बी १/४ चा. म्हणजे एका फाशात पात्र गेलं.

रीबॉर्नचा प्रकार ह्यूमनॉइड (माणसासारखा, अनडेड नव्हे) आहे, त्यांना हे लागूच होत नाही. मूळ शीट वापरत असाल तर दोन फेरफार करा: खेळाडूचं पात्र कधीही आपोआप नष्ट होणार नाही, आणि टर्न झालेल्याला प्रत्येक राउंडच्या शेवटी नवा सेव्ह. २०२४ च्या आवृत्तीत नष्ट करण्याऐवजी रेडियंट डॅमेज ठेवलंय. तेही उचलता येईल.

क्युअर वुंड्स ही जखमा भरायची जादू २०१४ च्या नियमात अनडेडवर चालत नाही. त्यामुळे पार्टीत उपचार करणारा असूनही नसल्यासारखाच. शिवणकामाचा वरचा नियम लावलात की ही फट भरते.

सातवी तपासणी: हुकूम कोण देतो

इथे पोचलात आणि खेळ अजून बसलेलाच असेल तर बिघाड बहुधा रचनेत आहे. आता वेळ लागेल, कथाच हलवावी लागेल.

सगळ्यांत वाईट मांडणी अशी: एक खेळाडू नेक्रोमॅन्सर (मेलेल्यांना उठवणारा जादूगार), बाकीचे त्याचे झॉम्बी. नियमानुसार बघा. अ‍ॅनिमेट डेड ही प्रेत उठवायची, तिसऱ्या पातळीची जादू. ६० फुटांतल्या झॉम्बींना नेक्रोमॅन्सर बोनस अ‍ॅक्शनने (वळणातल्या जास्तीच्या छोट्या कृतीने) हुकूम देतो. हुकूम नसेल तर झॉम्बी फक्त स्वतःचा बचाव करतो. एका टेबलावर चौघे हात बांधून बसले होते. त्यातला एक शेवटी म्हणाला, "अरे, मला हुकूमच आला नाही, मी करू काय?" त्या प्रश्नाला डीएमकडे उत्तर नव्हतं. त्या मांडणीत ते असूच शकत नाही.

पण त्याच जादूत दुरुस्तीही लिहिलेली आहे. ताबा चोवीस तासच टिकतो. मुदत संपायच्या आत जादू पुन्हा केली नाही तर झॉम्बी हुकूम मानायचा थांबतो. म्हणून खेळ पंचविसाव्या तासाला सुरू करा. नेक्रोमॅन्सर मेलाय, किंवा परतलाच नाही, किंवा त्याने चौघांवर जादू पुन्हा केली आणि पाचव्याला विसरला. शेवटचा हुकूम अजून डोक्यात घुमतोय. तो पाळायचा की नाही हे आता ज्याचं त्याने ठरवायचं.

हुकूम देणारा हवाच असेल तर तो डीएमच्या हातातला ठेवा आणि हुकूम मोघम द्या. "पुलावरून कुणाला येऊ देऊ नका." जाऊ द्यायचं का? पुलाखालून आला तर? मूल असेल तर? शब्दांत जितक्या फटी, तितके निर्णय.

आणि आता हैतीचं मीठ. तिथल्या समजुतीत झॉम्बीला अळणी खायला घालतात. मीठ जिभेवर पडलं की तो जागा होतो, आपण मेलोय हे त्याला कळतं आणि तो धन्याला सोडून आपल्या थडग्याकडे चालू लागतो. आपण खाल्ल्या मिठाला जागतो म्हणजे धन्याशी इमान राखतो. तिथे मीठ ते बंधन तोडतं. मराठी टेबलावर हे सांगितलं की दोन्ही अर्थ एकदम कळतात आणि मिठाची पुरचुंडी जादूच्या तलवारीपेक्षा मौल्यवान होते. कुणाला द्यायची, आत्ता जागं व्हायचं का, जाग आली की थडग्याकडे जावं लागेल, मग काम कोण पुरं करणार? एका टेबलावर चिमूटभर मिठासाठी दोन सेशन खेळले गेले.

आठवी तपासणी: भूक

सगळ्यांत अवघड, म्हणून शेवटी. खाणाऱ्या झॉम्बींच्या कॅम्पेनमध्ये (अनेक सेशनच्या सलग कथेत) डीएम भुकेला उद्दिष्ट करतो आणि गाव खाऊन झालं की कथा संपते. भुकेला घड्याळ करा. उद्दिष्ट वेगळं द्या: प्रत्येकाचं जिवंतपणी अर्धवट राहिलेलं एक काम, आणि शीटवर पाच आठवणी.

भुकेचे सहा चौकोन काढा. ठरावीक वेळाने किंवा रक्ताचा वास आला की एक भरायचा. सहा भरले की दोनच वाटा: खायचं आणि एक आठवण खोडायची, किंवा दाबून धरायची आणि शरीराचा एक भाग सोडायचा. आठवणी संपल्या तर पात्र डीएमचं झालं. शरीर संपलं तर काम अर्धवटच राहिलं.

एक खेळाडू या नियमाने स्वतःच्या घरापर्यंत पोचला. सहावा चौकोन दारातच भरला. आत मुलगी होती, आणि शीटवर एकच आठवण उरली होती, तिच्या नावाची. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने उरलेला हात खोडला.

कुठे थांबायचं

सात-आठ तपासण्या करूनही खेळ उभा राहत नसेल आणि तुमच्या घरच्या नियमांचा कागद दोन पानांच्या पुढे गेला असेल, तर आणखी नियम लिहू नका. एखाद्या अनुभवी डीएमला एका सेशनला नुसतं बघायला बोलवा. खेळवायला नाही, बघायला. आतून न दिसणारी गोष्ट बाहेरच्याला तासाभरात दिसते. तोही म्हणाला की तुमच्या टेबलाला झॉम्बी नकोतच, तर खेळ बदला.

दुसरं थांबणं जास्त महत्त्वाचं आहे. हा खेळ मेलेल्या माणसाच्या घरी परत येण्याचा आहे. टेबलावर कुणाच्या घरी नुकतंच कुणी गेलेलं असू शकतं आणि त्याने ते सांगितलेलं नसेल. म्हणून सुरुवातीलाच टेबलाच्या मध्ये एक्स-कार्ड ठेवा. जॉन स्टॅव्ह्रोपोलोस यांनी मांडलेली ही साधी सोय आहे: कार्डाला कुणी हात लावला की तो प्रसंग वगळायचा, कारण विचारायचं नाही.

तरीही कुणी रडायला लागलं, एकदम गप्प झालं, किंवा खेळ संपल्यावरही त्याच प्रसंगात अडकून राहिलं, तर तिथेच थांबा. त्याच रात्री. प्रसंग नीट संपवून मन मोकळं करू असा प्रयत्न करू नका. ते समुपदेशकाचं काम आहे, डीएमचं नाही, आणि डीएमने ते करायला गेलं तर जखम वाढू शकते. त्या व्यक्तीला एकटं घरी पाठवू नका. झोप उडाली, जेवण सुटलं, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं आलं, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठायला मदत करा. भारतात सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

खेळाची शीट त्या व्यक्तीकडेच राहू द्या. ठेवायची की फाडायची ते तिला ठरवू द्या. पुढच्या आठवड्याला टेबल लावायचं असेल तर आधी तिला फोन करा आणि दुसरा खेळ लावा.